हौदावर केळीची पानं

४ डिसेंबर १९५६, मंगळवार
वहिनी अकोल्याला गेल्या. कुसुमचं पहिलं बाळंतपण, खरं म्हणजे माहेरीच व्हायचं, पण डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं, म्हणून आईच लेकीकडे. भुसावळला गाडी बदलायची तर सामान तरी किती. लोणच्याची बरणी मांडीवर.
महिन्यापूर्वीपर्यंत अकोला आणि आपण एकाच राज्यात होतो. आता ते मुंबई राज्यात, आपण भोपाळकडे. वहिनींना त्याचं काही नाही. त्यांना काळजी परसातल्या हौदाची.
हौदातले रोहू दादाने आणलेले, तापीवरून, तपेलीत घालून. तेव्हा बोटाएवढे होते, आता चांगले वीत-दीड वीत. दादा गेल्यापासून वहिनींचा नेम आहे: माशांना कणकेच्या गोळ्या घातल्याशिवाय तोंडात पाणीसुद्धा घ्यायचं नाही. म्हणून फलाटावर ठरवलं ते असं. मी इथे सकाळी आठच्या आत गोळ्या घालायच्या, आणि आठ वाजले की त्या तिकडे अकोल्यात चहा घेणार. माझ्या भरवशावर.
दुसरी सूचना: थंडी वाढली की पहाटे कुंडीचा नळ हौदात सोडा. कुंडी म्हणजे गावची जुनी भुयारी विहीर, पाणी जमिनीखालून येतं, कोमट असतं, मासे तरतरीत राहतात. नळ उजाडायच्या आधीच जातो, तेव्हा उठावं लागेल.
हो म्हटलं. गाडी सुटताना माणूस कशालाही हो म्हणतो.

७ डिसेंबर, शुक्र.
वहिनी तांब्यावर वाटीने टकटक करतात आणि मासे वर येतात. सगळ्यात आधी लांडी. बोक्याने तिचं शेपूट कधीतरी कुरतडलंय, तरी तीच पुढे. मी टकटक केली तर एकही आला नाही. गोळ्या टाकून निघून आलो. मागे वळून पाहिलं तर खात होते. म्हणजे अन्न चालतं, मी चालत नाही. शांता हसली. बायकोने हसावं असं माझ्यात बरंच आहे.

१२ डिसेंबर, बुध.
थंडी. दोन दिवस नळासाठी उठलो. आज नाही उठलो. गोधडीतून नळाचा आवाज ऐकत पडून होतो. शां. म्हणाली, मी सोडते. म्हटलं, राहू दे, एका दिवसाने काय होतंय.

१७ डिसेंबर, सोम.
काल आणि आजही नळाला उठलो नाही.
सहावीला भूगोल शिकवला, थंड प्रदेशातली तळी. वरून बर्फ धरतं, खाली मासे जिवंत. पोरं विचारतात, सर, तापी गोठते का. हसलो. दुपारी खकनारकडचे पाटील आले मुलाचं नाव घालायला. म्हणाले रात्री तिकडे दव गोठलं, केळीची पानं भाजल्यासारखी काळी पडली. बागेत धूर करून राहिले, घडांना वाळली पानं बांधून राहिले. केळीचा माणूस केळीला मुलासारखं पांघरूण घालतो.
घरी आलो ते हौदाची काळजी डोक्यात घेऊनच. परातीत सकाळी पाण्यावर पापुद्रा होता असं शां. म्हणते. बोट लावलं आणि गेला. बर्फच असेल, नाही तर नसेलही. पण हौद तो केवढा, कमरेइतका. गोठला तर?

१८ डिसेंबर, मंगळ.
सुचलं. पाटलांच्या गाडीतून हिरवी पानं मागून घेतली, खूप दिली त्यांनी. संध्याकाळी हौदावर तीन थर घातले, वर गोणपाट, कडेने विटा. गोळ्या टाकायला एका कोपऱ्यात हातभर फट ठेवली. केळीच्या मुलखात राहून हे आधी सुचलं नाही याचंच नवल.
आता पहाटे उठायला नको. हे शांताला बोललो नाही, इथे लिहितो.

२० डिसेंबर, गुरु.
मासे मला ओळखू लागले! आज तांब्या वाजवायच्या आधीच फटीपाशी गर्दी. सगळे तोंडं वर करून, आ वासून. लांडी तर हाताला लागली. किती वेळ तिथेच. गोळ्या खाल्ल्याही नाहीत नीट, नुसते माझ्याकडे पाहत राहिले. वहिनींना कळवायला हवं की दिरालाही जमतं.
पाण्याला थोडा वास येतोय. पानांचा असेल.

२२ डिसेंबर, शनि. सकाळ
गेले. सगळे.
फटीपाशी पांढरी पोटं. लांडी सगळ्यात वर. पानं काढली तर खालचा थर पाण्यात लोंबून कुजलेला, पाणी काळपट, गटारासारखा वास. हवाच नव्हती आत. परवा ते माझ्याकडे पाहत नव्हते. श्वास घ्यायला आले होते. आणि मी

दुपार
 शांताने हौदातलं पाणी उपसायला घेतलं, पदर खोचून. मग एकदाच म्हणाली, नळ सोडला असता तर. पुढे नाही बोलली. बोलली असती तर बरं झालं असतं.
आठ वाजता गिरणीचा भोंगा झाला तेव्हा मी हौदापाशीच होतो. तिकडे अकोल्यात चहा झाला असेल.

२३ डिसेंबर, रवि.
परसात पुरावे तर बोका उकरणार. दादाने तापीतून आणलेले, तापीतच सोडावे म्हटलं. शां.ने भाजीच्या पिशवीत घालून दिले. वर मेथीची जुडी ठेवायला निघाली होती, नको म्हटलं.
राजघाटाच्या पायऱ्यांवर नेमके हे.मा. भेटले. मिश्राजी, नवं राज्य झाल्यावर जबलपूरहून आलेले आमचे नवे हेडमास्तर. सकाळी फिरायला येतात. पिशवीतून पाणी गळत होतं, वास तर होताच. त्यांनी पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"मछली, मास्टरजी?"
हो म्हटलं.
"बाज़ार से?"
त्यालाही हो म्हटलं.
खरं सांगायला काय झालं होतं? विधवा भावजयीचे मासे सांभाळायला दिले होते, पहाटे उठायचा कंटाळा म्हणून झाकून मारले, हे सांगण्यापेक्षा आपण मासे खातो हे सांगणं सोपं वाटलं. सात पिढ्यांत कोणी अंडं खाल्लेलं नाही. हे.मा. हसले आणि पाठीवर थाप मारून गेले. मग मासे पाण्यात सोडले. बुडाले नाहीत लगेच. तरंगत गेले, नदीपात्रातल्या दगडी हत्तीच्या पलीकडे.

२४ डिसेंबर, सोम.
आठच्या आत कणीक घेऊन घाटावर गेलो. तिथले मासे कोणाचेही नाहीत, पण घास घातला गेला. वहिनींचा चहा निदान खोटा नको. नळाला उठवत नव्हतं, आता घाटापर्यंत थंडीत चालतो. स्वतःचाच राग येतो आणि तो राग घेऊनही जाता येत नाही कुठे.
शाळेत वेगळंच. हे.मा. मूळचे मैथिल. त्यांच्याकडे ब्राह्मण मासे खातात, लग्नकार्यातसुद्धा. इथे आल्यापासून बिचाऱ्यांना बोलायला कोणी नव्हतं. आज मला केबिनमध्ये बोलावून चहा, आणि मोहरीच्या रस्स्याची कृती. इतके दिवस सांगितलं का नाही म्हणून लटका राग. मी मान डोलवत होतो. आम्ही राईचा उपयोग फोडणीपुरता करतो एवढंच बोललो.
शेजारचे तांबे गुरुजी दारातच उभे होते, हजेरीचं पुस्तक घेऊन. त्यांनी ऐकलं.

२९ डिसेंबर, शनि.
अकोल्याहून कार्ड. कुसुमला मुलगी, दोघी सुखरूप. खाली वहिनींच्या अक्षरात: लांडी येते का हाकेला.
पहिल्यांदा वाटलं होतं, बाळंतपण होईपर्यंत सांगू नये. आता बाळंतपण झालं. आता वाटतं, ओली बाळंतीण घरात आहे, आत्ता सांगू नये. कारणं मला कधी कमी पडत नाहीत. शांता म्हणाली, लिहा आजच. लिहिलं: इकडे सर्व ठीक. लांडीबद्दल काही लिहिलं नाही. न लिहिणं म्हणजे खोटं नव्हे असं पोस्टात टाकेपर्यंत वाटत होतं.

३ जानेवारी १९५७, गुरु.
हे.मा.नी आज डबा उघडून दाखवला, घरून मासा आणला होता. माझ्यासाठी म्हणून. पोट बिघडलंय म्हटलं. तर म्हणाले, "ताज़ा खाओ तो पेट कभी नहीं बिगड़ता." उरलेल्या मास्तरांनी माना खाली घातल्या. कोणी हसत होतं की नाही पाहिलं नाही. त्यांना एवढा आनंद होतो माझ्याशी बोलताना, की खरं सांगावं तर त्यांचाही एकुलता एक दोस्त जायचा. एका खोट्यात दोघं अडकले, पण ते एकालाच माहीत आहे.

१४ जानेवारी, सोम. संक्रांत
शांताचं हळदीकुंकू. सगळ्या आल्या. तांबे काकूही आल्या, पाटावर मात्र बसल्या नाहीत. तिळाचा लाडू हातात घेतला आणि खाल्ला नाही, पदराच्या टोकाला बांधला. दरवर्षी याच काकू इथे बसून दोन लाडू खातात आणि तिसऱ्याला नाही म्हणतात. बाकीच्यांनी पाहिलं. मग आणखी दोघींनी पदराला गाठी मारल्या.
बायका गेल्यावर शां. स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ भांडी घासत होती. घासून ठेवलेलीच.
बाहेर येऊन म्हणाली, "मी यांना काय सांगू? नवरा मासे खात नाही, नुसते मारतो, असं सांगू?"
 हे तिने बोलायला नको होतं असंही मनात आलं, इतका मी खाली गेलो आहे. तिचा काय दोष यात. माझ्या लाजेचा डाग तिच्या ताटाला लागला.

१६ जानेवारी, बुध.
घाटावर. धुकं. भोंगा झाला. तिकडे चहा.
तांबे गुरुजींना गाठून सांगणार होतो. ते पायऱ्या उतरताना दिसले, मी कणकेचा डबा उपरण्याखाली घेतला. मासे पकडायचं आमिष समजतील असं वाटलं. आता तेवढंच राहिलंय.

२७ जानेवारी, रवि.
वहिनी पुढच्या आठवड्यात येतात. कार्ड आलं.
आज नको ते केलं. घाटावर मासे धरणाऱ्या भोयाकडून जिवंत रोहू आणले, कळशीतून. त्याच मापाचे पाहून. हौद घासून, कुंडीचं पाणी भरून सोडले. शांता दारात उभी होती. म्हणाली, यांना तांब्याचा आवाज कुठे ठाऊक. आणि लांडी? म्हटलं, वहिनींना काय एवढं दिसतंय.
दिसतं. मला माहीत आहे.
पहाटे नळाला उठतो आता. रोज. चुकत नाही.

६ फेब्रुवारी, बुध.
वहिनी आल्या. नातीचं जावळ, नातीचं नाक, सगळं सांगून झालं. मग हातपाय धुऊन सरळ परसात. सात वाजत आले होते, अंधार झालेला. हौदाच्या कडेला हात ठेवून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, पाणी स्वच्छ ठेवलंत. लांडी कुठंय? खाली असेल म्हटलं.

७ फेब्रुवारी, गुरु.
सकाळी वहिनी हौदावर. टकटक. मासे तळाला, एका कोपऱ्यात घुसून बसलेले. पुन्हा टकटक. गोळ्या पाण्यावर फुगत राहिल्या.
भोंगा झाला. शांताने चहा आणला तर म्हणाल्या, त्यांनी खाल्ल्यावर.
दहा वाजले. मी शाळेत जायला निघालो तेव्हाही तिथेच. म्हणाल्या, "माझ्यावर रुसले, भावजी. इतके दिवस सोडून गेले ना मी."
हे ऐकून मी पायात चपला घातल्या आणि शाळेत गेलो. हे मी केलं. कोणी दुसऱ्याने नाही.
शां. सांगते, दुपारी गोळ्या दिसेनाशा झाल्या तेव्हा त्यांनी पाणी घेतलं. चहा नाही.

८ फेब्रुवारी, शुक्र.
आजही तेच. वहिनी हौदाशी बोलत होत्या, हळू. मी परसाच्या दाराआड. दादाच्या लग्नात मी दहा वर्षांचा होतो, आई नव्हती. शाळेचा डबा यांनी बांधून दिला, शर्टाची बटणं यांनी लावली. मॅट्रिकच्या परीक्षेला पहाटे उठवायच्या त्याही ह्याच. आणि आता त्या हौदातल्या परक्या माशांची क्षमा मागत आहेत, माझ्यामुळे. उपाशीपोटी.
दोनदा दार ढकललं. दोनदा परत आलो. शांता माझ्याशी बोलत नाही, बरोबर आहे तिचं.

९ फेब्रुवारी, शनि.
दुपारी तांबे काकू वहिनींना भेटायला आल्या. मी घरीच होतो, अर्धी सुट्टी. माजघरात दोघी कुजबुजत होत्या. माझं नाव ऐकलं. हे.मा.चं ऐकलं, पिशवीचं ऐकलं. घाट ऐकला. मग वहिनींचा आवाज अजिबात नाही. काकू एकट्याच बोलत राहिल्या आणि शेवटी त्याही उठल्या.
संध्याकाळी वहिनी हौदावर गेल्या. टकटक नाही केली. पाण्याला पाठ करून काठावर बसल्या. मला हाक मारली. गेलो. शाळेत छडी खायला पुढे जाणाऱ्या पोरांची आठवण झाली, त्यांना मी दिलेल्या छड्यांची पण.
म्हणाल्या, "रोज घाटावर जात होते म्हणे तुम्ही, कणीक घेऊन. भोंग्याच्या आधी."
हो म्हटलं. या वेळचा हो खरा होता.
"हौदात मासे असून?"
 त्या थांबल्या. मग उठल्या, पदर सारखा केला.
"तांबीण काय काय बोलून गेली. तुम्ही खाल्ले नसतील, एवढं मला समजते. बाकीचं तुम्ही सांगा. आत्ता नको, इथं नको. उद्या मला घाटावर घेऊन चला, वाटेत सांगा."
आणि आत जाऊन वाती करत बसल्या. रात्री जेवल्या नाहीत. भूक नाही म्हणाल्या.

१० फेब्रुवारी, रवि.
पहाटे नळ सोडला. हौदातले नवे मासे पाण्याच्या धारेखाली आले, पहिल्यांदाच. त्यांचं काय चुकलं.
वाक्य मनात जुळवून पाहिलं. थंडी फार होती म्हणून. पाटलांनी पानं दिली म्हणून. हौद गोठेल अशी भीती वाटली म्हणून. तिन्ही खरी आहेत आणि तिन्हींच्या मागे गोधडीत पडून नळाचा आवाज ऐकणारा मी आहे. सुरुवात तिथून केली तरच सांगितलं असं होईल. घाट दूर नाही. वाट लांब असती तर बरं वाटलं असतं, आणि लवकर संपली तरी बरं वाटेल.
शांताने कणीक मळून डबा भरला. आज जास्त मळली आहे. चहाचं आधण ठेवलं नाही, परत आल्यावर ठेवते म्हणाली, तिघांचं. तीन दिवसांनी माझ्याशी बोलली.
वहिनी चपला घालून दारात उभ्या आहेत. मागे वळून पाहत नाहीत, घाई करत नाहीत.
जातो.